जुन्या एमजीबीचे जुळे कार्बोरेटर जुळवून देणारे जळगावचे गॅरेज

चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना आमची १९६७ ची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार मिसिंग करू लागे, म्हणजे इंजिन अडखळे, आणि एका गॅरेजने दोन्ही कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे भाग) धुऊन देऊनही दोष गेला नव्हता. म्हणून मे महिन्यात जळगावला भुसावळ रस्त्यावरील एका छोट्या गॅरेजमध्ये गाडी नेली. तेथील मिस्त्रींनी कार्बोरेटरला हात लावण्यापूर्वी टॅपेट (इंजिनाच्या झडपांची फट), प्लग आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) तपासले. हाच क्रम योग्य आहे, कारण तेथे दोष असताना कार्बोरेटर कितीही जुळवले तरी ते श्रम वाया जातात.

इंजिन चांगले गरम झाल्यावर त्यांनी एअर फिल्टर काढले, दोन्ही थ्रॉटलना (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपांना) जोडणाऱ्या दांड्याचे क्लॅम्प सैल केले, रबरी नळीचे एक टोक कानाशी व दुसरे आळीपाळीने प्रत्येक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरले, आणि हवेचा सूं-सूं आवाज दोन्हीकडे सारखा येईपर्यंत आयडलचे (गाडी उभी असताना इंजिनाचा वेग ठरवणारे) स्क्रू किंचित किंचित फिरवले. मग मिक्स्चर, म्हणजे हवा-पेट्रोलचे प्रमाण. या एसयू बनावटीच्या कार्बोरेटरमधील वर-खाली सरकणारा पिस्टन सुमारे ०.८ मिमी उचलल्यावर इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन बंद पडू लागले तर कमी, आणि वेग क्षणभर वाढून पूर्ववत झाला तर प्रमाण बरोबर. जेटचे (पेट्रोल येते त्या छिद्राचे) षट्कोनी नट ते एका वेळी एकच पैलू फिरवत आणि पुन्हा कान देत. हा संयम मला फार मोलाचा वाटला.

गाडी दिवसभर सोडावी लागते आणि पावती मागून घ्यावी लागते, एवढीच तक्रार. घाटात आता तिसऱ्या गिअरमध्येही इंजिन एका सुरात ओढते.