भागाकाराचा सराव: कार्डांची साखळी की खजिना शोध?

चौथी-पाचवीच्या वर्गात भागाकाराचा सराव खेळातून घ्यायचा ठरलं की दोन पर्याय समोर येतात: भिंतींवर लावलेल्या कार्डांची साखळी, नाहीतर चिठ्ठ्या लपवून खजिना शोध. दोन्हींत मुलं जागेवरून उठतात, म्हणून ते सारखेच वाटतात. पण तास संपल्यावर प्रत्येकाच्या वहीत किती गणितं उतरली हे बघा, फरक लगेच दिसेल.

साखळीतल्या प्रत्येक कार्डावर वर आधीच्या गणिताचं उत्तर असतं आणि खाली नवं गणित. 612 ÷ 6 सोडवायचं, वर 102 लिहिलेलं कार्ड शोधायचं, तिथलं गणित उतरवून घ्यायचं. शेवटच्या गणिताचं उत्तर पहिल्या कार्डावर असल्याने कुठूनही सुरुवात चालते. 40 मुलांच्या 20 जोड्या आणि 12 कार्डं, म्हणजे एका कार्डापाशी एक-दोन जोड्या. रेटारेटी नाही.

या खेळाचं खरं बळ चुकीच्या उत्तरांत आहे. 612 ÷ 6 = 12 लिहिणारी मुलं कुठल्याही वर्गात भेटतात; दशकाच्या जागी शून्य द्यायचं राहून जातं. भिंतीवर 12 चं कार्ड नसेल तर मूल आपणहून वहीकडे वळतं, तुम्ही ‘चुकलं’ म्हणायची गरज नाही. 12 चं कार्ड असेल तर ते बिनधास्त पुढे जातं आणि मधली कार्डं गाळतं, किंवा सोडवून झालेल्या कार्डावर परत येऊन आदळतं. वहीत कार्डांचा क्रम लिहायला लावला असेल, तर घोळ नेमका कुठे झाला ते कळतं. म्हणून सरावाला असं कार्ड टाळा, चाचणीला मुद्दाम ठेवा. दोन गणितांचं उत्तर एकच येऊ देऊ नका, नाहीतर अचूक सोडवणारं मूलही भरकटतं.

खजिना शोधात उत्साह दुप्पट आणि गणितं मोजकीच. सहा चिठ्ठ्या म्हणजे अख्ख्या गटाची सहा गणितं, तीही बहुधा एकच हुशार मूल सोडवतं आणि बाकीचे धावतात. ‘बाकी येईल तितक्या नंबरच्या बाकाखाली पाहा’ असं लिहिलंत, तर भाजक 6 असताना बाकी 5 च्या पुढे जाणार नाही. मुलं गणित न करता पाचही बाकांखाली वाकून बघतील! शिवाय सगळ्या गटांना एकच क्रम दिला तर पहिला गट जाईल तिकडे सगळा वर्ग. गटागणिक क्रम बदलायचा म्हणजे तयारी वाढली.

शाब्दिक उदाहरणांना मात्र खजिनाच बरा. 47 मुलं, एका जीपमध्ये 6, तर जीप किती लागतील? भागाकार 7, बाकी 5. ‘सात’ म्हणणारा आणि ‘मग ती पाच मुलं चालत येणार का?’ विचारणारा एकाच गटात असला, की तो वाद फळ्यावरच्या स्पष्टीकरणापेक्षा जास्त कामाचा ठरतो.

ज्यांना भागाकाराची रीतच अजून जमलेली नाही, त्यांना दोन्ही खेळ नकोत. आधी दशकांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या हातात द्या.

दोन इयत्ता एका खोलीत सांभाळत असाल तर फार विचार करू नका, साखळीच घ्या. मुलं आपापली फिरतात आणि तुम्हाला दुसऱ्या इयत्तेकडे वळता येतं. कार्डं पुठ्ठ्यावर केलीत तर पुढच्या वर्षीही चालतील. फक्त लावताना लागोपाठची दोन कार्डं शेजारी-शेजारी नकोत.