फुल फ्रंट पीपीएफ: एक पावसाळा, एक दिवाळी आणि एक मे महिना काढल्यावर

ज्यांची गाडी ठाण्यातून ऑफिसला आणि ऑफिसमधून ठाण्यात एवढीच फिरते, त्यांनी पीपीएफच्या, म्हणजे रंग वाचवायला गाडीवर चिकटवायच्या पारदर्शक फिल्मच्या (पेंट प्रोटेक्शन फिल्म), खर्चात पडू नये, हे आधीच सांगून टाकते. घोडबंदर रोडला मेट्रोचं काम आहे, डंपर आहेत, रस्त्यावर सांडलेली खडी आहे, सगळं आहे. पण तिथे वेगच इतका कमी असतो की उडालेला खडा बंपरला लागतो आणि खाली पडतो. रंगाचा टवका जातो तो हायवेला. माझं माहेर नागपूर, सासर चिपळूण आणि संसार ठाण्यात कासारवडवलीला, त्यामुळे माझ्या गाडीला समृद्धीही चुकत नाही आणि गोवा हायवेही.

आधीची गाडी विकायला काढली तेव्हा बघायला आलेला माणूस बॉनेटवर वाकला, पुढच्या कडेवरून बोट फिरवलं आणि एक शब्द न बोलता भाव खाली आणला. त्या कडेला पांढरे ठिपके होते, दोन-तीन ठिकाणी तांबूस. बंपर प्लॅस्टिकचा असतो, त्याचा टवका उडाला तर दिसायला वाईट, बाकी काही होत नाही. बॉनेट पत्र्याचं. तिथे प्राइमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, फोडून टवका पत्र्यापर्यंत गेला की आपल्याकडचा एक पावसाळा गंजाला पुरतो.

म्हणून नवी, गडद निळी गाडी हातात आल्यावर लगेच फुल फ्रंट करून घेतलं: बंपर, पूर्ण बॉनेट, दोन्ही फेंडर, आरसे आणि हेडलाइट. नवऱ्याचं म्हणणं, "अगं, एवढ्या पैशांत दोनदा बॉनेट रंगवून होईल." हिशोब म्हणून त्याचं बरोबर आहे. फक्त रंगवलेलं बॉनेट आणि कंपनीतून आलेलं बॉनेट यांत फरक असतो. कारखान्यात रंग भट्टीत साधारण १४० अंशांना भाजतात, कारण तेव्हा गाडी म्हणजे नुसता पत्रा असतो. गॅरेजमध्ये वायरिंग, रबर, काचा सगळं जागेवर असतं, त्यामुळे ६०-८० अंशांच्या पुढे जाता येत नाही आणि रंगही त्या जातीचा वापरतात. शिवाय आता जुन्या गाड्या घेणारे रंगाची जाडी मोजायचं मीटर घेऊनच येतात. जाडी जास्त दिसली की पहिला प्रश्न, गाडी कुठे ठोकली होती? फिल्म निघू शकते, दुसऱ्यांदा मारलेला रंग नाही.

फिल्म म्हणजे टीपीयू, जाड आणि ताणलं जाणारं पारदर्शक प्लॅस्टिक. चांगली फिल्म साधारण २०० मायक्रॉनची असते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तिच्या खालचा कंपनीचा सगळा रंग, प्राइमर धरून, १०० ते १५० मायक्रॉन भरतो आणि त्यातला वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, चाळीसच्या आसपास. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर लावायचा लेप, असतं एक-दोन मायक्रॉनचं. त्याने पाणी मोत्यासारखं घरंगळतं, धूळ कमी चिकटते, धुणं सोपं होतं. खड्याला ते अडवत नाही, अडवूच शकत नाही. तरी वागळे इस्टेटपासून कोलशेतपर्यंत जिथे जिथे चौकशी केली तिथे "मॅडम, सिरॅमिक करा, दगडाचं टेन्शनच नाही" हे किमान एकदा ऐकलं. जो हे म्हणेल त्याच्याकडे कुठलंच काम देऊ नका.

आता रस्त्यांचं. समृद्धीवर मला वाटलं होतं त्यापेक्षा खडा कमी लागतो. रस्ता काँक्रीटचा, कडा स्वच्छ. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून भिवंडीजवळ आमण्याला चढलं की थेट नागपूर, ७०१ किलोमीटर. पण कारला १२० ची मुभा आहे, आणि माराची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते. १०० च्या ऐवजी १२० ने जाताना तोच खडा जवळजवळ दीडपट जोराने लागतो. तिथे खरा त्रास किड्यांचा. पाऊस संपल्यापासून दिवाळीपर्यंत, अंधार पडल्यावर मेहकर, कारंजा या पट्ट्यात हेडलाइटमध्ये अक्षरशः पाऊस पडल्यासारखे किडे येतात. नागपूरला पोचल्यावर बॉनेटची पुढची कड आणि नंबरप्लेटचा भाग पिवळट-काळा खरबरीत झालेला असतो. किड्यांच्या अंगातला रस आम्लधर्मी असतो आणि वर ऊन पडलं की तो क्लिअर कोटमध्ये खड्डे पाडतो. उघड्या रंगावर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत राहू देणंसुद्धा धोक्याचं.

गेल्या दिवाळीत सकाळी उठून बघते तर बाबा बाहेर गाडीजवळ, एका हातात बादली आणि दुसऱ्या हातात स्वयंपाकघरातली तारेची घासणी. "हे असं नुसतं पुसून नाही निघत," असं म्हणून ते सुरू करणार एवढ्यात पोचले. योग्य पद्धत आळशी माणसाची आहे: जुना सुती टॉवेल शॅम्पूच्या कोमट पाण्यात बुडवायचा, बॉनेटच्या कडेवर पसरायचा आणि चहा पिऊन यायचं. मग मायक्रोफायबरने हलक्या हाताने पुसलं की बहुतेक सगळं निघतं. फिल्मवर डाग राहिले नाहीत. आरशाच्या कवचाच्या ज्या कडेपर्यंत फिल्म पोचली नव्हती, तिथे मात्र दोन फिकट वर्तुळं कायमची बसली आहेत.

गोवा हायवेची तऱ्हा वेगळी. वडखळच्या पुढे, नागोठणे, कोलाड, इंदापूर, माणगाव या पट्ट्यात वर्षानुवर्षं काम चालू आहे. मध्येच चौपदरी, मध्येच वळसा, वळशावर सुटी खडी. जिथे दुभाजक नाही तिथे समोरून येणाऱ्या ट्रकच्या चाकातून उडालेला खडा त्याचा आणि तुमचा, दोघांचा वेग घेऊन येतो. कोलाडच्या अलीकडे एका डंपरकडून असाच 'टक्' आवाज आला. असा आवाज ऐकला की पोटात गोळा येतो. पुढे चहाला थांबलो तेव्हा मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघितलं. बॉनेटच्या डाव्या बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढा पांढुरका खळगा होता. नखाने चाचपला तर कड मऊ, फिल्मची. खालचा निळा रंग शाबूत. असे खळगे आता बॉनेटवर आणि बंपरवर बरेच आहेत, पण खाली रंगापर्यंत गेलेला एकच, बंपरच्या खालच्या ओठावर. टोकदार खडा सरळ आला तर फिल्मही फाटते, हे धरून चाला.

एवढं मोठं सेल्फ हीलिंगचं कौतुक करतात, ते किती खरं? बारीक ओरखड्यांपुरतं पूर्ण खरं. फिल्मचा वरचा थर उष्णतेने मऊ होऊन पुन्हा सपाट होतो. सोसायटीत गाडी पुसणारे दादा एकाच बादलीत आणि एकाच फडक्यात आख्खी रांग उरकतात, त्यामुळे उन्हात जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतात. दरवाजांवर त्या आहेत तशा आहेत. बॉनेटवरच्या मे महिन्यात दुपारी बाहेर उभ्या केलेल्या गाडीवरून आपोआप गेल्या. आमचं पार्किंग पोडियमखाली, तिथे ऊन नाही, म्हणून एरवी गरम पाणी हळूहळू ओतते, उकळतं नाही. खड्याने पडलेला खळगा मात्र असा भरत नाही. तो राहतो.

आता तक्रार. फिल्म कापायच्या दोन तऱ्हा आहेत. एक, गाडीवरच मोठा तुकडा अंथरून ब्लेडने कापणं. कडा आतपर्यंत वळवता येतात, पण ब्लेड रंगावर चालतं. दुसरी, मॉडेलचा साचा कॉम्प्युटरवर घेऊन प्लॉटर नावाच्या मशीनने आधीच कापणं. ब्लेड गाडीला लागत नाही, पण कडेला बारीकशी उघडी पट्टी राहते. मी प्लॉटरच सांगितलं होतं आणि पुन्हाही तेच सांगेन. पण त्या उघड्या कडेला धूळ बसून काळी रेघ तयार होते आणि गडद रंगावरही ती दिसते. जुना मऊ टूथब्रश आणि शॅम्पू, दर महिन्याला. त्याहून मोठं म्हणजे, पावसाळ्यात डाव्या हेडलाइटखाली बंपरची कड सुटली. दुकानदार आधी म्हणाला तुम्ही प्रेशर वॉशर मारला, मग म्हणाला वॉरंटीत कडा येत नाहीत, मग वॉरंटी कार्ड समोर ठेवल्यावर म्हणाला उद्या या. उद्याचे बरेच उद्या झाले. शेवटी तेवढा तुकडा बदलून दिला, तोही नीट बसलाय.

म्हणून पैसे देण्याआधी वॉरंटी वाचून घ्या. ती साधारणपणे पिवळं पडणं, तडे जाणं, सुटणं यासाठी असते. दगडाने फाटलेल्या फिल्मसाठी नसते. रोल तुमच्यासमोर उघडायला लावा आणि त्याच्यावरचा नंबर कार्डावर आहे ना, ते बघा. स्वस्तातली पीव्हीसी फिल्म टीपीयू म्हणून खपवतात. ती आधी कडक होते, मग पिवळी, आणि काढताना चिकट गोंद मागे ठेवते. गाडीचा एखादा भाग आधीच गॅरेजमध्ये रंगवलेला असेल तर दुकानदाराला आधी सांगा, कारण फिल्म काढताना तिथला रंग सोबत येऊ शकतो. पुढच्या गाडीचं अंतर ओळखणारं रडार नाकावर असलेली गाडी असेल तर त्याच्या झाकणावर काही चिकटवण्याआधी मॅन्युअल बघा. माझ्या पार्किंग सेन्सरभोवती फिल्म गोल कापून घेतली, ते चांगलं चालतात. लावल्यावर सुरुवातीचे काही आठवडे आत पाण्याचे बारीक फुगे दिसतात, ते सुईने फोडू नका, आपोआप सुकतात. तेवढ्या काळात कडांवर पाण्याची धार नको.

बॉनेटवर फक्त पुढची फूट-दीड फूट पट्टी लावून पैसे वाचवता येतात. मी नाही केलं, कारण ती रेघ कायम दिसते. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीला ती चालून जाईल. रेग्झिनचं नाकावर बांधायचं कव्हर मिळतं, ते मात्र विसरा. शंभरच्या वेगाला ते फडफडतं, आत अडकलेली धूळ रंगावर घासत राहते आणि पावसात ओलं राहतं. आख्ख्या गाडीला फिल्म लावणं मला उधळपट्टी वाटते. छताला दगड कोण मारतंय?

समोरच्या काचेचं या सगळ्यात काहीच भलं होत नाही. चिपळूणहून येताना माणगावला खडा लागून काचेला ताऱ्यासारखा तडा पडला, वेळेत रेझिन भरून घेतलं म्हणून पुढे गेला नाही. ट्रकच्या मागे चिकटून न जाणं हाच तिथला उपाय, आणि तो बॉनेटलाही लागू पडतो.

वर्षभरात एक जागा मात्र सगळ्यांनी सांगायची राहिली, ती मला गाडी धुताना सापडली: पुढच्या चाकामागे दरवाजाखालची पट्टी आणि मागच्या चाकाच्या कमानीची पुढची बाजू. तिथे आपल्याच चाकांनी उडवलेले खडे लागतात, आणि दोन्ही पत्र्याचे भाग आहेत. छोटेच तुकडे लागतात, खर्च फारसा नाही. गणपतीला चिपळूणला निघायच्या आधी तेवढं करून घेणार आहे, दुसऱ्या दुकानातून.