२००६ सालचा ड्रायव्हर आणि ११,२९९ रुपयांचं बिल

आधी हिशेब मांडू. ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरचा एकेक भाग विंडोजला चालवता यावा म्हणून लागणारा छोटा प्रोग्रॅम. ते अपडेट करून देणाऱ्या सॉफ्टवेअरची वर्षाची वर्गणी १,७९९. इंटरनेटवरून कॉम्प्युटरचा ताबा घेऊन ‘लेटन्सी फिक्स’ करणाऱ्याचे, म्हणजे प्रतिसादातला उशीर घालवतो म्हणणाऱ्याचे २,५००. दुकानात फॉरमॅटचे ८००, ‘सर्व्हिसिंग’चे १,५०० आणि नव्या एसएमपीएसचे (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचे) ४,७००. एकूण ११,२९९ रुपये. एवढे पैसे ओतूनही मशीन दिवसातून एक-दोनदा अडकायचं, ते अडकतच राहिलं. जो उपाय अखेर लागू पडला तो मदरबोर्डाच्या कंपनीच्या साइटवर २०२२ पासून फुकट पडून होता.

मशीन घरी जोडलेलं. रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर, बी५५० बोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, विंडोज ११. तक्रार अशी की मध्येच एक-दोन सेकंद माउस जागच्या जागी थिजतो, गाणं लावलेलं असेल तर आवाजाचा ‘घर्रर्र’ होतो आणि मग काही घडलंच नाही अशा थाटात सगळं पुन्हा सुरू. एरवी गेम सुरळीत, टेम्परेचर ठीक. विंडोज १० वर हा प्रकार नव्हता. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण पैसे घेणाऱ्या तिघांपैकी एकानेही तो प्रश्न विचारला नाही.

पहिला गंडा सॉफ्टवेअरचा. ‘मोफत स्कॅन’ दोन मिनिटांत संपतो आणि लाल अक्षरांत येतं: ७१ ड्रायव्हर कालबाह्य. यादी उघडली की बहुतेकांपुढे एकच तारीख, २१ जून २००६. कोणाच्याही पोटात गोळा यावा. पण ही तारीख तुमच्या मशीनमध्येही आहे, आत्ता बघा. डिव्हाइस मॅनेजर, त्यात सिस्टिम डिव्हाइसेस, तिथल्या ‘हाय प्रिसिजन इव्हेंट टायमर’वर डबल क्लिक, ड्रायव्हर टॅब. तारीख २१ जून २००६. आणि तिच्याच खाली व्हर्जनचा आकडा १०.० ने सुरू होणारा, म्हणजे चालू विंडोजचा. ड्रायव्हर ताजाच आहे, तारीख मुद्दाम जुनी टाकली आहे.

कारण साधं आहे. एकाच हार्डवेअरला दोन ड्रायव्हर सारखेच जुळत असतील, तर विंडोज तारीख पाहून नवा तो निवडतं. मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या जेनेरिक ड्रायव्हरवर खरी तारीख टाकली असती, तर विंडोजच्या प्रत्येक नव्या आवृत्तीसोबत हार्डवेअर कंपनीचा खास ड्रायव्हर बाजूला पडून साधा ड्रायव्हर बसला असता. म्हणून विंडोजबरोबर येणाऱ्या ड्रायव्हरची तारीख व्हिस्टाच्या काळात गोठवून ठेवली. इंटेलने तर कमालच केली. त्यांच्या चिपसेटच्या फाइलींवर तारीख असते १८ जुलै १९६८, म्हणजे कंपनी स्थापन झाली तो दिवस. त्या साली विंडोज तर सोडाच, मायक्रोप्रोसेसरसुद्धा नव्हता. तरी अपडेटर ‘पन्नासहून अधिक वर्षं जुना’ म्हणून त्याचे पैसे मागतो.

असल्या स्कॅनवर कारवाई झालेली आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मार्च २०२४ मध्ये रेस्टोरो आणि रीइमेज या दोन कंपन्यांकडून २ कोटी ६० लाख डॉलर भरून घ्यायचं ठरवलं. मशीनमध्ये नसलेले बिघाड दाखवून लोकांना घाबरवलं, हा आरोप. २०१९ मध्ये ऑफिस डेपो आणि सपोर्ट डॉट कॉम यांच्याकडून मिळून साडेतीन कोटी डॉलर. तिथला प्रकार तर ऐकण्यासारखा आहे. ‘मशीन स्लो आहे का?’ अशा धर्तीचे चार प्रश्न विचारायचे, आणि एकावरही टिक केली की स्कॅन मालवेअरची लक्षणं दाखवणार. फाइली तपासून काय सापडलं, याच्याशी त्या निकालाचा संबंधच नव्हता.

या मशीनवर अपडेटरने दोन गोष्टी केल्या. रियलटेकच्या ऑडिओचा बोर्डाच्या साइटवरचा ड्रायव्हर काढून दुसरंच पॅकेज घातलं, आणि स्वतःची एक सर्व्हिस कायमची चालू ठेवली. अडकणं तसंच, वर पुढच्या माइकचा आवाज गेला.

दुसरा गंडा इंटरनेटवरून मशीनचा ताबा घेणाऱ्याचा. तो जास्त हुशारीचा आहे, म्हणून इथे जरा थांबू. स्क्रीन हातात आली की समोरचा आधी इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडून लाल-पिवळ्या खुणा दाखवतो. त्या प्रत्येक मशीनवर असतात. त्यातली सगळ्यात जास्त वेळा दिसणारी, डिस्ट्रिब्यूटेडकॉमची १००१६ क्रमांकाची नोंद, दुर्लक्ष केलं तरी चालेल असं खुद्द मायक्रोसॉफ्ट सांगतं. मग येतो ‘लॅटन्सीमॉन’, कोणता ड्रायव्हर मशीनला किती वेळ अडवतो ते मोजणारा प्रोग्रॅम. हे हत्यार खरं आहे, फुकट आहे आणि उपयोगाचं आहे, म्हणूनच फसायला होतं.

लॅटन्सीमॉनमधला सर्वांत मोठा आकडा साचत जातो, खाली येत नाही. २० मिनिटं चालवलं आणि मध्ये गेम किंवा ब्राउझर उघडला, तर एखादा उंच झटका नोंदला जाणारच आणि पट्टी लाल होणार. हा झाला ‘आधी’चा स्क्रीनशॉट. मग काही खिडक्या उघडायच्या, काळ्या पडद्यावर दोन-चार कमांड मारायच्या, रीस्टार्ट करायचं, आणि काहीही न उघडता लॅटन्सीमॉन ३० सेकंद चालवायचा. पट्टी हिरवी. हा ‘नंतर’चा. मध्ये काहीच केलं नसतं तरी निकाल हाच आला असता. वरती लिहिलेली वेळ वाचा: दोन्ही चाचण्या किती मिनिटं चालल्या ते तिथेच दिसतं, आणि नेमका तोच भाग स्क्रीनशॉटमधून कापलेला असतो. पॉवर प्लॅन ‘पॉवर सेव्हर’वर ठेवून आधीचा आकडा फुगवणं हाही हातखंडा. ‘हार्ड पेजफॉल्ट’चा लाल आकडा दाखवून रॅम विकणारे आहेत. तो आकडा एवढंच सांगतो की मेमरीची काही पानं डिस्कवरून वाचावी लागली. नवा प्रोग्रॅम उघडला तरी तो वाढतो.

त्या काळ्या पडद्यावरच्या कमांडनी मात्र खरं नुकसान होतं. इथे ‘यूजप्लॅटफॉर्मक्लॉक’ चालू केलेलं निघालं. आजचं विंडोज वेळ मोजायला प्रोसेसरमधलाच काउंटर वापरतं, जो वाचायला अगदी स्वस्त. ही सेटिंग लावली की त्याऐवजी बोर्डावरचा एचपीईटी (मघाचा हाय प्रिसिजन इव्हेंट टायमर) वाचला जातो, आणि त्यात कित्येक पट वेळ जातो. म्हणजे अडखळणं घालवायला बोलावलेल्या माणसाने थोडं अडखळणं पदरचं घालून दिलं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून नुसतं ‘बीसीडीएडिट’ लिहिलं की ही ओळ दिसते. ‘डिलीटव्हॅल्यू’ हा पर्याय त्याच नावासकट दिला आणि रीस्टार्ट केलं की जाते. डिफेंडर किंवा विंडोज अपडेट बंद करून ठेवलं आहे का, तेही लगेच बघा. ‘ऑप्टिमायझेशन’ म्हणून सर्रास करतात.

दुकानाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. एसएमपीएस दमला की मशीन धाडकन बंद पडतं किंवा लोड आल्यावर रीस्टार्ट होतं. दोन सेकंद आवाज घरघरून पुन्हा पूर्ववत होणं हे त्याचं लक्षण नव्हे. दिवसातून एकदा येणारा दोष काउंटरवर १० मिनिटं मशीन चालवून ‘गेला’ म्हणता येत नाही. जुना एसएमपीएस परत दिला नाही, आणि तो मागायचा असतो हेही मशीनच्या मालकाला ठाऊक नव्हतं. बायोस (बोर्डाचं स्वतःचं मूळ सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर) रीसेट केल्यामुळे एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग) उडालं आणि ३२०० ची रॅम २१३३ वर धावायला लागली. वर दोन्ही रॅम शेजारशेजारच्या खाचांत बसवलेल्या, म्हणजे सिंगल चॅनल, दोघींना मिळून एकच वाट. चार खाचांच्या बोर्डावर दोन रॅम असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी खाच. वेग टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर दिसतो, चॅनल सीपीयू-झेडमध्ये. मशीन दुकानात टाकताना झाकण उघडून रॅम, एसएसडी आणि एसएमपीएसच्या सिरीयल नंबरांचे फोटो काढा आणि पावतीवर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या: ‘दिवसातून एक-दोनदा दोन सेकंद अडकते’, नुसतं ‘स्लो’ नको.

आता हे शोधायचं कसं. अडकलं की घड्याळ बघून वेळ लिहायची, आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये फक्त त्या मिनिटाच्या नोंदी वाचायच्या. नोंदीचा क्रमांक १२९ किंवा १५३ असेल तर डिस्क, तिची केबल किंवा कंट्रोलर. साटा डिस्क असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये सीआरसी एररचा (वाटेत बिघडलेल्या माहितीचा) आकडा वाढतोय का बघा. वाढत असेल तर शंभर-दीडशेची केबल बदलून बघायची, डिस्क नव्हे. व्हीया-लॉगरची (हार्डवेअरच्या चुका टिपणारा) १७ असेल तर पीसीआय एक्स्प्रेसची लाइन, जिच्यावर ग्राफिक्स कार्ड बसतं: कार्ड नीट बसवा, रायझर केबल (कार्ड लांबून जोडणारी) असेल तर बायोसमध्ये लाइनचा वेग जेन ४ वरून जेन ३ करून बघा. कर्नल-प्रोसेसर-पॉवरची ३७ म्हणजे फर्मवेअर प्रोसेसरचा वेग दाबतंय.

त्या वेळी नोंदच नसेल तर लॅटन्सीमॉन, पण प्रामाणिकपणे. १५ मिनिटं रिकामं, १५ मिनिटं नेहमीचं काम, दोन्ही वेळा तेच प्रोग्रॅम आणि तोच पॉवर प्लॅन. मग ड्रायव्हर्स टॅबमध्ये ‘हायेस्ट एक्झिक्युशन’च्या रकान्यावर क्लिक करून उतरता क्रम लावा. हार्डवेअरने हाक मारली की ड्रायव्हर जे तातडीने करतो ते आयएसआर, आणि त्यातलं मागे ठेवलेलं काम म्हणजे डीपीसी. मायक्रोसॉफ्टचा दंडक असा की ड्रायव्हरने डीपीसीत १०० मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त रेंगाळू नये, आयएसआरमध्ये २५ पेक्षा. व्यवहारात अधूनमधून ३००-४०० दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही. हिशेब करा: ४८ किलोहर्ट्झवर २५६ सॅम्पलचा बफर (आधीच भरून ठेवलेला आवाजाचा साठा) म्हणजे साधारण ५.३ मिलिसेकंद, म्हणजेच ५,३०० मायक्रोसेकंदांचा आवाज हातात शिल्लक असतो. त्यातले ४०० गेले तर कानाला कळतही नाही. आकडा हजारांत गेला की कटकट सुरू.

यादीत ‘एनडीआयएस’ सगळ्यात वर आलं तर लॅन किंवा वायफाय: डिव्हाइस मॅनेजरमधून एकेक बंद करून पुन्हा मोजा. ‘डब्ल्यूडीएफ०१०००’ वर आलं तर तो गुन्हेगार नव्हे, तो दुसऱ्या ड्रायव्हरना चालवणारा सांगाडा. यूएसबीच्या वस्तू एकेक काढत जा. आरजीबीचे दिवे आणि पंखे सांभाळणारी सॉफ्टवेअर सेन्सर सतत चाचपत असतात, दोन-तीन एकत्र असली की एकमेकांच्या पायात पाय घालतात. ती आधीच बंद करा. ‘एनव्हीएलडीडीएमकेएम’ म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा, एनव्हिडियाचा ड्रायव्हर: नेट तोडून सेफ मोडमध्ये डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलरने तो पुसायचा आणि कंपनीच्या साइटवरून आधीच उतरवून ठेवलेला घालायचा. नेट तोडायचं कारण, तेवढ्या फटीत विंडोज अपडेट स्वतःचा घालून मोकळं होतं. नवा म्हणजे चांगला असंही नाही. २०२३ मधल्या ५३१.१८ मुळे गेम बंद केल्यावरही प्रोसेसरवर भार राहायचा; एनव्हिडियाने मार्चमध्ये ५३१.२६ हा हॉटफिक्स काढला. तोही फुकटच.

आणि यादीत एकही ड्रायव्हर दोषी दिसत नसेल, तरी मशीन थिजत असेल, तर संशय बायोसवर. विंडोजच्या पाठीमागे फर्मवेअर जो वेळ खातं त्यावर विंडोजमधलं कोणतंही हत्यार नाव लिहू शकत नाही. इथे तेच होतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग) लागतं म्हणून बायोसमध्ये एएमडीचं एफटीपीएम, म्हणजे फर्मवेअरमधलं टीपीएम, चालू केलं गेलं, आणि बायोस होतं २०२१ चं. एफटीपीएम बोर्डावरच्या एसपीआय फ्लॅशशी (बायोस साठवणाऱ्या चिपशी) लांबलचक देवाणघेवाण करायला लागलं की मशीन थबकतं, हे एएमडीने मार्च २०२२ मध्ये जाहीरपणे मान्य केलं आणि मे २०२२ पासून अजेसा (बायोसमधला एएमडीचा भाग) १.२.०.७ असलेल्या बायोसमधून दुरुस्ती दिली. म्हणून ‘विंडोज १० वर नव्हतं’ हे वाक्य लाखमोलाचं होतं. फॉरमॅट मारून काही फरक पडणार नव्हता, कारण दोष डिस्कवर नव्हताच.

नवं बायोस घालण्याआधी बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू आहे का बघा, रिकव्हरी की कागदावर उतरवा आणि एन्क्रिप्शन सस्पेंड करा. हे चुकलं तर ४८ आकडी की मागणारा निळा पडदा समोर येतो. बोर्डाचं पूर्ण नाव आणि त्यावर छापलेली रिव्हिजन जुळवून फाइल घ्या, पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, आणि लाइट जायची शक्यता असेल तर त्या दिवशी हात लावू नका. नंतर एक्सएमपी पुन्हा चालू करावं लागतं. नुसतं एफटीपीएम दोन दिवस बंद ठेवूनही निदान पक्कं करता येतं, मात्र व्हॅलोरंट हा गेम विंडोज ११ वर टीपीएमशिवाय चालत नाही.

पैसे देऊन बसला असाल तर आधी नेट काढा, रिमोट ॲप अनइन्स्टॉल करा आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. खात्यातून पैसे गेले असतील तर वाट न बघता १९३० ला फोन आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. दुकानाच्या बिलाचा वाद असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल केल्याने वर्गणी थांबत नाही. यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेमध्ये जाऊन मॅन्डेट (पैसे आपोआप कापायची परवानगी) रद्द करावं लागतं, कार्डावर असेल तर बँकेच्या ई-मॅन्डेटच्या पानावर. पैसे कापायच्या २४ तास आधी मेसेज येतो, तो जाहिरात समजून पुसू नका. आणि महिन्याभराने फोन येईल: ‘आमची कंपनी बंद होतेय, तुमचे १,७९९ परत करायचेत, तेवढं स्क्रीन शेअरिंग चालू करा आणि पिन टाका.’ तो त्याच टोळीचा, तुमचा नंबर त्यांच्या वहीत आहे.