हायड्रॉक्सीयुरिया ५०० मिलिग्रॅम: औषध अव्वल, कॅप्सूल मोठ्यांच्या मापाची

सिकलसेल, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा जन्मजात रक्तविकार, असलेल्या बारा किलोच्या मुलाला किलोमागे २० मिलिग्रॅम या हिशेबाने रोज २४० मिलिग्रॅम हायड्रॉक्सीयुरिया लागतं. कॅप्सूल ५०० ची. ती मुळात रक्ताच्या कॅन्सरच्या मोठ्या रुग्णांसाठी निघाली, सिकलसेलच्या लहान मुलांचा विचार करून कोणी काढलेली नाही. आफ्रिकेतल्या मुलांवर झालेल्या संशोधनाच्या उजेडात हे औषध तपासायला बसलं की कौतुक औषधाचं होतं आणि तक्रार पुडक्याची.

आधी कौतुक. अमेरिकेत औषधाचा गुण दिसून बरीच वर्षं झाली होती, तरी आफ्रिकेत ते द्यायला डॉक्टर कचरत होते. त्याला कारण होतं. हे औषध अस्थिमज्जेला थोडा लगाम घालतं, त्यामुळे पांढऱ्या पेशी कमी होतात. मलेरियाच्या मुलखात तेच जिवावर बेतलं तर? युगांडातल्या कंपालाच्या मुलागो रुग्णालयात २०८ लहान मुलांवर ‘नोहार्म’ चाचणी झाली, वयं एक ते चार. निम्म्यांना किलोमागे २० मिलिग्रॅम हायड्रॉक्सीयुरिया, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच गोळी, मुदत बारा महिने. २०१७ मध्ये निकाल छापून आला: औषधामुळे मलेरिया वाढला नाही.

मोठी चाचणी ‘रीच’. अंगोलातलं लुआंडा, काँगोतलं किन्शासा, केनियातलं किलिफी आणि युगांडातलं म्बाले या चार ठिकाणी एक ते दहा वर्षांच्या ६०६ मुलांना औषध दिलं. दर १०० रुग्ण-वर्षांमागे, म्हणजे शंभर मुलांमागे वर्षाला, दुखण्याचे झटके ९८.३ वरून ४४.६ वर आले, रक्त चढवण्याची वेळ ४३.३ वरून १४.२ वर, मलेरिया ४६.९ वरून २२.९ वर आणि मृत्यू ३.६ वरून १.१ वर. हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इथे खोट्या गोळीचा गट नव्हता, तुलना त्याच मुलांच्या औषधाआधीच्या साधारण दोन महिन्यांशी आहे. एवढ्या छोट्या काळातला मृत्यूचा दर घट्ट धरून बसू नये. रक्त चढवण्याचा आकडा मात्र आम्हाला जास्त मोलाचा वाटतो, कारण रक्तपेढीत बाटली मिळेलच याची खात्री नसते तिथे तो थेट जीव वाचवणारा आहे.

आता मात्रा. सुरुवात किलोमागे १५ ते २०, दिवसातून एकदा. सहा महिने तशीच ठेवून मग दर आठ आठवड्यांनी २.५ ते ५ ने चढवत, पेशी साथ देतील तिथवर न्यायची. वरची हद्द ३५. एवढा खटाटोप कशाला, २० वरच थांबलं तर काय बिघडतं, याचं उत्तर कंपालातल्याच पुढच्या चाचणीने २०२० मध्ये दिलं. एका गटाला ठरावीक २०, दुसऱ्याला चढवत सरासरी ३० च्या आसपास. चढत्या मात्रेच्या गटात रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण दुसऱ्या गटाच्या साधारण पाचव्या हिश्शावर आलं. फरक इतका उघड होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली.

चढवायचं तर रक्ततपासणी हवीच: सुरुवातीला महिन्याला एक सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), मात्रा स्थिरावली की दोन-तीन महिन्यांनी. न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) १,००० च्या खाली, प्लेटलेट ८०,००० च्या खाली किंवा हिमोग्लोबिन ४ च्या खाली गेलं तर औषध बंद, आठवड्याने पुन्हा तपासणी, पेशी वर आल्या की तीच मात्रा पुन्हा सुरू. परत तसंच झालं तर एक पायरी खाली. ‘रीच’मध्ये मात्रा रोखावी लागेल इतक्या पेशी पहिल्या तीन महिन्यांत फक्त ५.१ टक्के मुलांच्या घसरल्या.

पेशी घसरल्या की औषधाच्या नावाने खडे फोडण्याआधी दोन गोष्टी बघाव्या. एक, मलेरियाची चाचणी, कारण प्लेटलेट मलेरियाही पाडतो. दुसरी, पाणथरी, म्हणजे प्लीहा. ती वाढली असेल तर पेशी तिथेच अडकतात आणि मात्रा चढवताच येत नाही. म्हणून दर भेटीला पोटावर हात ठेवून पाणथरी किती बोटं लागते ते कार्डावर लिहायचं. याला यंत्र लागत नाही, तरी हेच सर्रास राहून जातं.

औषध पोटात जातंय की नाही हे सीबीसीतल्या एमसीव्हीवरून, म्हणजे लाल पेशींच्या सरासरी आकाराच्या आकड्यावरून, कळतं. नियमित घेणाऱ्याच्या लाल पेशी फुगतात आणि हा आकडा चढतो. तीन-चार महिन्यांनीही तो जागचा हलला नसेल तर मात्रा वाढवू नये, आधी घरातल्या कॅप्सूल मोजाव्या. मूल वाढतं, वजन वाढतं आणि चिठ्ठीवर वर्षभरापूर्वीचीच मात्रा राहते, ही दुसरी नेहमीची चूक. तिसरी म्हणजे झटका आला की हेच जास्त देणं. हे वेदनाशामक नाही. गर्भातलं हिमोग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिन एफ, वाढवून ते पेशींना विळ्याचा आकार घेऊ देत नाही आणि त्याला महिने लागतात. पेनिसिलिन आणि मलेरियाचं प्रतिबंधक औषध सोबत चालूच ठेवायचं.

आता तक्रार. २४० मिलिग्रॅम ५०० च्या कॅप्सूलमधून काढायचे कसे? आठवड्याची गरज १,६८० मिलिग्रॅम. तीन कॅप्सूल दिल्या तर किलोमागे रोजचे १८ पडतात, चार दिल्या तर २४. म्हणजे एक दिवसाआड देऊन कामचलाऊ भागतं, पण बारीक पायऱ्यांनी चढवणं विसरा. शिवाय एवढं मूल कॅप्सूल गिळत नाही. उघडून १० मिली पाण्यात ढवळली तर १ मिलीत ५० मिलिग्रॅम येतं, सिरिंजने ४.८ मिली द्यायचं. तळाशी उरणारा पांढरा गाळ कॅप्सूलमध्ये भरीला घातलेल्या पदार्थाचा असतो, औषध पाण्यात सहज विरघळतं. निम्म्याहून जास्त औषध मात्र वाया जातं आणि भुकटी हाताळणं धोक्याचं. हातमोजे हवेत, भांडं वेगळं हवं, गरोदर बाईने हात लावू नये. डॉक्टर आणि औषधतज्ज्ञाने समोर करून दाखवल्याशिवाय घरी हा उद्योग करू नये. डबीचं झाकणही घट्ट हवं, दमटपणाने औषध बिघडतं.

१०० मिलिग्रॅमची गोळी मिळत असेल तर डोळे झाकून तीच घ्यावी. एक दिवस दोन, दुसऱ्या दिवशी तीन, सरासरी २५०, आणि गोळी चमचाभर पाण्यात विरघळते. १,००० ची गोळी चार भागांत मोडते, प्रत्येक २५० चा.

नायजेरियात कानो आणि कदुना इथे किलोमागे १० आणि २० अशी तुलना झाली. मेंदूच्या रक्तवाहिन्यांत रक्ताचा वेग वाढलेल्या २२० मुलांत पक्षाघात टाळण्यात दोन्हींत लक्षणीय फरक दिसला नाही. तपासणी परवडत नाही तिथे हा निकाल कामाचा आहे, पण तो पक्षाघातापुरता. ‘१० पुरतं’ हे वाक्य विदर्भातही ऐकू येईल. नागपूरच्या मुलांवर ठरावीक १० मिलिग्रॅमचा चांगला परिणाम २०१२ मध्ये छापून आला आहे. मात्र आपल्याकडच्या रुग्णांत हिमोग्लोबिन एफ मुळातच जास्त असतं. किन्शासातल्या मुलाला ती सूट नाही, त्यामुळे नागपूरची मात्रा तिकडे किंवा तिकडची इकडे आंधळेपणाने उचलू नये.

औषधाला पाचपैकी पाच, ५०० च्या कॅप्सूलला दोन. किलोमागे २० मिलिग्रॅमला ती चपखल बसते ती २५ किलो वजनाला, आणि सिकलसेलचं मूल तिथे पोचेपर्यंत आठ-नऊ वर्षांचं झालेलं असतं. ‘रीच’मधली सर्वांत धाकटी मुलं एक वर्षाची होती.