‘ट्रिगर इलेक्ट्रॉनिक करून देतो’ म्हणून ३४ हजार घेतले

जुनी फ्युएल इंजेक्शनची गाडी सांभाळणाऱ्या पुण्यातल्या प्रत्येकाने हे वाचावं. पैसे घेणारा माणूस अजून असलीच कामं घेतोय.

आमची १९७० सालची फोक्सवॅगन टाइप ३ आहे, वडिलांपासून घरात असलेली. तिला बॉशचं डी-जेट्रॉनिक, म्हणजे जुनी इलेक्ट्रॉनिक पेट्रोल इंजेक्शन सिस्टिम आहे. १९६७ साली ही सिस्टिम पहिल्यांदा टाइप ३ वरच आली. कात्रजचा घाट चढताना गाडी झटके खायला लागली, तेव्हा ओळखीतून सिंहगड रोडवरचा एक ‘इंजेक्शन स्पेशालिस्ट’ कळला. त्याने दुसऱ्याच दिवशी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला: काळे पडलेले, खड्डा पडलेले पॉइंट. म्हणाला, “साहेब, ट्रिगर कॉन्टॅक्ट पार जळालेत. हॉल सेन्सर बसवतो, परत बघायलाच नको.” हॉल सेन्सर म्हणजे चुंबकावर चालणारा इलेक्ट्रॉनिक स्विच.

खरी गोम त्या फोटोतच होती. या गाड्यांचा डेल्को (प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) दुमजली असतो. वर इग्निशनचे, म्हणजे ठिणगी पाडणारे, सीबी पॉइंट. त्यांच्यातून कॉइलचा करंट जातो, म्हणून ते जळतात. खाली, बाजूने दोन स्क्रूंवर सरकवून बसवलेली प्लेट असते, तिच्यावर ट्रिगर कॉन्टॅक्ट. पेट्रोल फवारणारे इंजेक्टर केव्हा उघडायचे ते कंट्रोल युनिटला त्यांच्यामुळे कळतं, आणि त्यांच्यातून जाणारा करंट अगदी नगण्य. ते असे जळून खड्डे पडत नाहीत. फिरत्या दांड्यावर घासणारं त्यांचं फायबर झिजतं, नाहीतर त्यांच्यावर तेल-मळ बसतो. म्हणजे फोटो वरच्या मजल्याचा आणि बिल खालच्या मजल्याचं!

त्याने वरचे पॉइंट काढून बाजारात सहज मिळणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन किट बसवलं. इग्निशन सुधारल्यामुळे गाडी थोडे दिवस बरी चालली, आणि नेमकी इथेच माणसाची खात्री पटते. कॉइलजवळ रेझिन ओतलेली एक काळी डबीही लावली होती, लाल दिवा लुकलुकणारी. ‘हाच ट्रिगर मॉड्यूल,’ असं छातीठोकपणे सांगितलं.

झटके परत सुरू झाल्यावर इलेक्ट्रॉनिक्समधल्या एका मित्राने मीटर आणला. ट्रिगरचा तीन पिनांचा कनेक्टर काढला, मीटर १२ आणि २१ नंबरच्या पिनांवर धरला आणि पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. मीटर वाजायचा (कॉन्टॅक्ट मिटलेला), थांबायचा (उघडलेला), पुन्हा वाजायचा. १२ आणि २२ वरही तेच. हॉल सेन्सरला सप्लाय लागतो. सप्लाय तोडल्यावर तो असा उघड-मीट करूच शकत नाही. आत जुनेच कॉन्टॅक्ट होते. प्लेटच्या स्क्रूंच्या खाचांत वाळलेलं ग्रीस जसंच्या तसं, म्हणजे पेचकस लागलेलाच नव्हता. डबीतून निघाला एक रेझिस्टर आणि एलईडी.

आम्ही प्लेट काढून कॉन्टॅक्ट कॉन्टॅक्ट-क्लीनरने पुसले. पॉलिश पेपर मारू नका, वरचा थर जातो. त्यानंतर घाटात गाडीने एकदाही झटका दिला नाही.

त्याने पक्कं बिल दिलं नाही आणि आता फोनही उचलत नाही. यूपीआयच्या नोंदी आणि तो फोटो जोडून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे. कोणाला असाच फोटो आला असेल तर डिलीट करू नका, तारखेसकट जपून ठेवा आणि तुमचीही तक्रार द्या.