‘पाणी सॉफ्ट करून देतो’ म्हणत आलेल्या माणसाने मला कसं फसवलं

चौदा हजार दोनशे रुपये गेले. त्याहून जास्त वाईट वाटतं ते माझ्या टाकीतल्या डिस्कस माशाच्या मादीचं. अडीच वर्षं सांभाळली होती, हातातून खायची. घरात मासे ठेवणाऱ्या कुणाच्याही दारात हाच माणूस किंवा त्याच्यासारखा दुसरा उभा राहू शकतो, म्हणून सगळं तपशिलात लिहितो आहे.

आम्ही कांदिवलीत राहतो. हॉलमध्ये मोठी टाकी आहे, आणि डिस्कसची जोडी जमली तेव्हा तिच्यासाठी बेडरूममध्ये दीड फूट लांब-रुंद-उंच अशी वेगळी टाकी केली. त्यात साधारण ८५ लिटर पाणी मावतं. जोडीने मातीच्या शंकूवर तीन वेळा अंडी घातली आणि तिन्ही वेळा दोन दिवसांत ती पांढरी पडली. डिस्कस मूळचा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला, तिथलं पाणी अतिशय मृदू, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम फार कमी असलेलं; ते जास्त असलं की पाणी जड. बाजारात मिळणारे डिस्कस पिढ्यान्‌पिढ्या टाकीतच वाढलेले असतात, त्यामुळे मोठा मासा जड पाण्यातही राहतो, पण अंडी जड पाण्यात नीट फळत नाहीत. एवढं मला माहीत होतं. आमच्या बाथरूमच्या नळाचं पाणी जड आहे हेही दिसत होतं, कारण बादलीला पांढरा थर बसायचा आणि शॉवरची भोकं बुजायची. टाकीत पाणी मी तिथूनच भरायचो. पाइप तिथून बेडरूमपर्यंत सहज पोचतो, एवढंच कारण.

मार्चमध्ये लेटरबॉक्समध्ये एक पत्रक आलं. घरगुती पाण्याची मोफत तपासणी, खाली बारीक अक्षरात ‘अ‍ॅक्वेरियमसाठी खास सॉफ्टनर’. मी फोन केला. दुसऱ्याच दिवशी नीटनेटक्या कपड्यांतला, छान मराठी बोलणारा एक माणूस पेटी घेऊन आला. आधी टाकीसमोर उभा राहून माशांचं कौतुक केलं. मग म्हणाला, “सर, एवढे महागाचे मासे आणि हे पाणी?”

त्याने बाथरूमच्या नळाचं पाणी एका ग्लासात घेतलं आणि विरघळलेले एकूण क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवला. आकडा आला ६००. मग पेटीतून नमुन्याचा कार्ट्रिज काढला, म्हणजे पाणी मृदू करणाऱ्या रेझिनचे बारीक मणी भरलेली नळी. त्याला छोटी बाटली जोडलेली होती. त्यातून दुसरा ग्लास भरला आणि तोच मीटर बुडवला. आकडा ४०. बायको म्हणाली, “अहो, आपलं पाणी त्यातून घालायला सांगा ना.” तो लगेच म्हणाला, “मॅडम, हे तुमच्या सोसायटीचंच पाणी आहे, खालच्या नळावरून भरून आणलंय.” मी मान डोलावली. बायकोचं ऐकायला हवं होतं.

त्यानंतर त्याने दोन्ही ग्लासांवर एक यंत्र ठेवलं. त्याला चार धातूच्या कांड्या होत्या, दोन दोन एकेका ग्लासात बुडणाऱ्या. स्विच दाबल्यावर मिनिटभरात आमच्या पाण्याचा हिरवट-तपकिरी गाळ झाला आणि त्याचं पाणी स्वच्छ राहिलं. “हेच तुमचे मासे रोज श्वासातून घेतात,” तो म्हणाला. ते पाहून माझ्या पोटात कालवलं.

आता या गाळाबद्दल. तो पाण्यातला नव्हताच. कांड्या लोखंडाच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या असतात. पाण्यात क्षार विरघळलेले असले की वीज वाहते, कांड्यांचा धातू झिजून पाण्यात उतरतो आणि त्याचा गंजासारखा गाळ होतो. क्षार जवळजवळ नसतील तर वीजच वाहत नाही, म्हणून तो ग्लास स्वच्छ राहतो. त्या दुसऱ्या ग्लासात स्वयंपाकघरातलं चिमूटभर मीठ टाकायला सांगा. मीठ आपण रोज खातो, पण तेही पाणी तसंच गढूळ होईल. ही एक गोष्ट मला त्या दिवशी माहीत असती तर तो पाच मिनिटांत जिना उतरला असता.

सॉफ्टनरचे ११,८०० रुपये आणि दोन वर्षांच्या देखभालीचे २,४०० रुपये मी तिथेच यूपीआयने दिले. ऑफर आजचीच होती. सी विंगमध्ये दोन घरांत हेच बसवलंय, असंही त्याने सांगितलं. नंतर मी विचारलं, तिथे कुणीच बसवलेलं नव्हतं. पावती दिली ती कच्ची, त्यावर जीएसटी क्रमांक नाही, पत्ता नाही, फक्त शिक्का.

त्याने दहा इंची हाउसिंगमध्ये, म्हणजे फिल्टरच्या डब्यात, कार्ट्रिज घालून बाथरूमच्या नळाला बसवला. मी त्याच दिवशी अंड्यांची टाकी बरीचशी रिकामी करून त्यातून साठेक लिटर पाणी भरलं आणि उरलेलं जुनंच ठेवलं. साबणाला फेस येत होता, म्हणून समाधान वाटलं. आठवड्याने मी स्वतःचा टीडीएस मीटर आणला आणि नळाखाली धरला. आकडा ६१०. फोन केला तर म्हणाला, “नवीन रेझिन आहे सर, सेट व्हायला वेळ लागतो.” आणखी आठवड्याने पुन्हा तेच. फेसही येईनासा झाला होता.

मग क्रॉफर्ड मार्केटला जाऊन मी थेंबांचं टेस्ट किट आणलं. हे काम मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं. पाच मिली पाण्यात एकेक थेंब टाकत जायचं, रंग बदलेपर्यंत. जितके थेंब तितक्या डिग्री कठीणपणा, म्हणजे पाण्याचा जडपणा, आणि एक डिग्री म्हणजे लिटरमागे जवळपास १७.८ मिलिग्रॅम. सॉफ्टनरमधून आलेल्या पाण्याला २१ थेंब लागले. सॉफ्टनर काढून पाहिलं, तरीही २१. म्हणजे लिटरला सुमारे ३७५ मिलिग्रॅम. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी २०० पर्यंत योग्य आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालेल असं धरलं आहे. म्हणजे माणसाला चालणारं, पण माझ्या अंड्यांसाठी फार जड.

रेझिन बनावट नव्हतं, हे मला पुढे वाचत गेल्यावर कळलं, आणि फसवणूक नेमकी कुठे होती तेही तेव्हाच उमगलं. असं रेझिन पाण्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. एका कॅल्शियमच्या जागी दोन सोडियम. त्यामुळे साबणाला फेस येतो, भांड्यावर थर बसत नाही, पण विरघळलेल्या क्षारांचं एकूण वजन कमी होत नाही, थोडं वाढतंच. टीडीएस मीटर ते एकूण क्षारच मोजतो. म्हणजे रेझिनमधून ६०० चं पाणी ४० होऊन बाहेर येणं शक्यच नाही. त्याच्या बाटलीत आधीपासूनच आरओचं पाणी होतं. मी विचारत होतो कठीणपणाबद्दल, तो मोजून दाखवत होता टीडीएस, आणि तेही माझ्या पाण्याचं नाही.

दुसरं, रेझिनची क्षमता ठरलेली असते. एक लिटर रेझिन एका वेळी व्यवहारात साधारण ५० ग्रॅम कठीणपणा धरतं, मग ते मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा तयार करावं लागतं. माझ्या कार्ट्रिजमध्ये जेमतेम अर्धा लिटर रेझिन होतं. ३७५ च्या पाण्याला ते साठ-सत्तर लिटरपर्यंत पुरणार. दोन वर्षं काही करावं लागणार नाही असं सांगून विकलेली ती वस्तू मी टाकी भरली त्याच दिवशी संपत आली होती.

हे सगळं कळायच्या आधी मी त्याला शेवटचा फोन केला होता, आणि त्याचंच मला सगळ्यात जास्त दुःख आहे. तो म्हणाला, “हाउसिंगमध्ये मीठ भरा, रात्रभर ठेवा, सकाळी पाणी चालू करा.” ते मिठाचं पाणी आधी गटारात सोडून, कार्ट्रिज भरपूर साध्या पाण्याने धुवायचा असतो, हे त्याने सांगितलं नाही. मी पाव किलोच्या वर मीठ भरलं आणि सकाळी पाइप सरळ टाकीत सोडला. रेझिनमधून सुटलेला कॅल्शियम आणि उरलेलं सगळं मीठ एकदम माशांवर गेलं. दोन्ही डिस्कस काळवंडले, कोपऱ्यात तिरके होऊन भराभर कल्ले मारू लागले. मी त्यांना मोठ्या टाकीत हलवलं. नर वाचला. मादी तिसऱ्या दिवशी गेली.

उत्तर घरातच होतं, आणि ते दाखवलं घरकामाला येणाऱ्या मावशींनी. मी बाथरूममध्ये बसून थेंब मोजत होतो तेव्हा त्या म्हणाल्या, “दादा, ह्या नळाला फेस नाही धरत. मी कपड्याला साबण लावायला किचनचंच पाणी घेते.” मी किचनच्या नळाचं पाणी तपासलं. तीन थेंब. टीडीएस ८५.

आमच्या सोसायटीत किचनची लाइन महापालिकेच्या पाण्याची आहे. बाथरूमच्या टाकीत उन्हाळ्यात बोअरिंगचं पाणी मिसळतात, कधी टँकरही येतो. मुंबईला तानसा, भातसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, विहार आणि तुळशी या तलावांतून पाणी येतं. ते पावसाळ्यात डोंगरांवरून साठलेलं पाणी असतं, त्यात चुना फारसा नसतो. जमिनीतून उपसलेल्या पाण्याचं तसं नाही. म्हणून मुंबईत कुणी तुमच्या नळाचं पाणी जड आहे म्हणालं, तर आधी विचारा, कुठल्या नळाचं? घरातल्या प्रत्येक नळाचं पाणी वेगळं तपासा आणि टाकीत काय चढतं ते सेक्रेटरींना किंवा वॉचमनला विचारा. त्यांना बरोबर माहीत असतं.

आता मी किचनचं पाणी ड्रममध्ये भरून, हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन लावून रात्रभर ठेवतो, घाई असेल तेव्हा क्लोरीन घालवणारं अँटिक्लोरीन वापरतो. तलावाचं पाणी क्लोरीन घालूनच येतं, ते तसंच टाकीत ओतू नका. ज्यांच्याकडे बोअरिंगशिवाय पाणीच नाही त्यांनी आरओचं पाणी मिसळावं. नुसतं आरओ नको, कारण त्यात पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचं माप, सांभाळणारे क्षार उरत नाहीत आणि पीएच अचानक कोसळतो. आरओच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी तर माशांना कधीच देऊ नका, सगळा कठीणपणा त्यातच साठतो. पाणी उकळल्याने कठीणपणाचा एकच भाग जातो. देशी बदामाची वाळलेली पानं मी वापरतो, मृदू पाण्यात ती पीएच थोडा उतरवतात, पण २१ डिग्रीच्या पाण्यावर त्यांचा काही उपयोग नाही. नळाला बांधायचे चुंबक कुणी विकायला आणले तर दारातूनच परत पाठवा, त्याने पाण्यातला कॅल्शियम कुठेही जात नाही. टाकीतले शिंपले आणि संगमरवरी खडीही पाणी जड करतात. व्हिनेगरचा थेंब टाकून बघा, बुडबुडे आले तर ती खडी काढा. आणि तुमच्याकडे गप्पी किंवा मोली असतील तर यातलं काहीच करू नका. त्यांना जड पाणीच मानवतं.

पैशांचं सांगतो. त्याचा नंबर आता लागत नाही. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आणि जिल्हा ग्राहक आयोगासाठी कागद जमवतो आहे. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही. यूपीआयचा तपशील, पत्रक, कच्ची पावती, कार्ट्रिजचे फोटो, थेंबांच्या चाचणीचा व्हिडिओ, सगळं जपून ठेवलं आहे. पत्रक मी फेकणार होतो, बायकोने ठेवलं. आज त्याच्यावरचा पत्ता हाच एकमेव धागा आहे.

गेल्या आठवड्यात लिफ्टजवळच्या बोर्डावर मी हे थोडक्यात लिहून लावलं. संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचे काका तसंच पत्रक घेऊन वर आले. त्यावरचं नाव वेगळं होतं, नंबर वेगळा होता, मजकूर शब्दन्‌शब्द तोच. त्यांच्या नातवाने नवी टाकी घेतली आहे आणि सकाळी अकराला तपासणीवाला यायचा होता. मी किट घेऊन खाली गेलो. त्यांच्या किचनच्या नळालाही तीनच थेंब लागले. काकांनी तिथूनच फोन करून उद्या येऊ नका म्हणून सांगितलं.