ग्वाल्हेरात साउंड रेकॉर्डिंगचा डिप्लोमा: अकरा महिन्यांनंतर

आधी पंख्याबद्दल. जुलैत प्रवेश घेतला तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं. मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा ४५ ला टेकतो आणि गाणं रेकॉर्ड करायचं तर पंखा, कूलर, एसी सगळं बंद ठेवावं लागतं. कॉलेजच्या स्टुडिओत एसी आहे, पण त्याची घरघर माइकमध्ये येते. म्हणून टेकच्या आधी बंद, टेक संपला की चालू. एसी बंद-चालू झाला की तबला सुरातून हलतो, मग पुन्हा हातोडी, पुन्हा ठोकठोक. एका तासाच्या स्लॉटमधली वीस मिनिटं अशी जातात. स्टुडिओ साउंडप्रूफ आहे असं माहितीपत्रकात छापलंय, आणि ते खोटंही नाही. बाहेरचा आवाज आत येत नाही. आतलाच आवाज छळतो.

कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत. खासगी कॉलेज, एक वर्षाचा डिप्लोमा, फी ८५ हजार, वर्गात २२ मुलं. बहुतेकांना बीट बनवायचे होते, दोघांना सिनेमात जायचं होतं. माझं कारण घरगुती होतं. आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले, दौलतगंजचे. आत्या एकाहत्तर वर्षांची आहे, ग्वाल्हेर घराण्याची तालीम घेतलेली, आणि तिच्या डोक्यात ज्या बंदिशी आहेत त्यातल्या निम्म्या वहीतसुद्धा नाहीत. मोबाइलवर त्या धरून बघितल्या होत्या. तानपुऱ्याचा डबा होतो आणि तार सप्तकात आवाज फाटतो.

पहिले दोन महिने खरंच चांगले गेले. केबल कशी गुंडाळायची इथपासून सुरुवात (कोपरावर नाही, कधीच नाही). कंडेन्सर माइकला ४८ व्होल्ट का लागतात, डायनॅमिकला का लागत नाहीत. २४ बिटवर रेकॉर्ड करताना मीटर लाल होईपर्यंत गेन (माइकच्या आवाजाची पातळी) चढवायची गरज नसते, वर भरपूर जागा सोडली तरी काही बिघडत नाही. हे मला आधी कळलं असतं तर आत्याचे दोन चांगले टप्पे (टप्पा हा गायनप्रकार) वाचले असते. सरांची एक सवय मात्र सगळ्यात कामाची. स्क्रीनकडे पाठ करून बसवायचे आणि विचारायचे, काय ऐकू येतंय? स्क्रीन दिसत असली की कान नाही, डोळेच मिक्स करतात.

घरी तोच धडा पुन्हा शिकावा लागला. दोन चॅनलचा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचा डबा) घेतला, शुअरचा एसएम ५८ घेतला (१९६६ पासून चालत आलेला माइक, ऑर्केस्ट्रावाल्यांकडे जुना सहज मिळतो), बंद कपांचे हेडफोन आणि रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. रीपर साठ दिवस मोफत वापरता येतं, पुढे वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा. कॉलेजात प्रो टूल्स शिकवतात, पण घरच्या खिशाला हे बरं. सगळं जोडलं आणि हेडफोनमध्ये नुसती घूंऽऽ. आमची पाठ्यपुस्तकं अमेरिकन. त्यांत लिहिलेलं, विजेची गुणगुण ६० हर्ट्झला असते. मी तीन दिवस ६० वर फिल्टर लावत बसलो आणि घूं जशीच्या तशी. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असते हे मी दहावीत शिकलो होतो, तरी डोक्यात आलं नाही. ५०, १००, १५० वर काप दिल्यावर घूं उतरली, पण आत्याचा खर्जही पातळ झाला. शेवटी चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला आणि एकदम शांतता. कारण सापडलं ते वायरमनला. आमच्या जुन्या वाड्यात तिसऱ्या पिनचं भोक होतं, मागे तार नव्हती. साठ वर्षं सगळं घर अर्थिंगशिवाय नांदत होतं.

खोलीचं म्हणाल तर दुकानात मिळतो तो फोम घेऊ नका. पातळ फोम वरचा चणचणाट तेवढा पितो, खालच्या सुरांना काहीच करत नाही, आणि रस्त्यावरचा आवाज तर अडवतच नाही. आमची खोली दहा बाय दहा. चौकोनी खोलीत लांबी आणि रुंदी एकाच सुराला फुगवतात. दहा फुटांना तो साधारण ५६ हर्ट्झला येतो आणि डग्ग्याची घुमक नेमकी त्याच भागात सुरू होते. आम्ही आजीच्या वेळच्या सहा रजया दोरीवर टांगल्या, गाद्या कोपऱ्यात उभ्या केल्या, कपाटाची दारं उघडी ठेवून आत कपडे कोंबले. घूम संपली नाही, पण आटोक्यात आली. खर्च शून्य. आईची चिडचिड वेगळी.

डग्ग्याची आणखी एक फजिती. घरी मिक्स करायचो रात्री अकरानंतर, आजी झोपलेली, म्हणून स्पीकर अगदी हळू. डग्गा ऐकू येईना, मी वाढवत गेलो. सकाळी दादाच्या गाडीत तेच लावलं तर दरवाजे थरथरायला लागले. आवाज हळू असला की कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मांडलंय. आम्हाला तो आलेख पाठ होता. परीक्षेत काढलाही होता.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. तिसऱ्या महिन्यापासून सुरांच्या दुरुस्तीचा भाग सुरू झाला. सराव म्हणून मी आत्याचा यमन घेतला. सूर दुरुस्त करणारं प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम) लावलं, स्क्रीनवरच्या सुरांच्या रेषा सरळ झाल्या, सरांनी छान म्हटलं. रविवारी आत्याला ऐकवलं. ती पोहे निवडत होती. अर्ध्या मिनिटात तिचा हात थांबला.

"हा गंधार माझा नाही रे. पेटीचा आहे."

मी म्हटलं, आत्या, मशीन म्हणतंय तू थोडी खाली होतीस. ती काही बोलली नाही. तानपुरा काढला, माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, नुसता खर्ज छेड आणि गप्प बस. दोन मिनिटांनी खर्जाच्या तारेतून गंधार बोलायला लागला. तो तारेच्या पाचव्या स्वनकातून (मूळ कंपनाच्या पाचपट कंपनातून) येतो, षड्जापासून मोजला तर ३८६ सेंटवर. प्लगइन ज्या बारा सारख्या पायऱ्यांवर सूर नेऊन बसवतं, त्यात गंधार ४०० वर असतो. चौदा सेंटचा फरक. सप्तकाचे १२०० भाग केले तर त्यातले चौदा. एवढ्याने काय होतं, असं मलाही वाटलं असतं, पण तानपुरा चालू असताना ते दोन गंधार एकमेकांना घासतात आणि एकदा ऐकू आलं की मग ऐकू येणं थांबत नाही. प्लगइनमध्ये प्रत्येक सुराची जागा हाताने बदलायची सोय होती. ती वर्षभरात कुणी शिकवली नाही, कारण कुणाला लागली नव्हती. मी मात्र दुरुस्तीच काढून टाकली. आत्या बेसूर नव्हतीच, तर दुरुस्त काय करणार?

क्लिकचंही तेच. आमच्याकडे नियम असा की हेडफोनमध्ये क्लिक (ठरावीक लयीची टिकटिक) चालू केल्याशिवाय रेकॉर्डिंग नाही. थरावर थर चढवून केलेल्या गाण्याला ते बरोबर आहे, एका स्थानिक जाहिरातीची जिंगल मी तशीच केली. पण विलंबित तिलवाड्यात (हा संथ ख्यालाचा ताल) बारा मिनिटांत लय आपसूक थोडी चढते, ती चढायलाच हवी. आत्याला क्लिक लावून दिला तर तिने समेवर येऊन हेडफोन काढून ठेवले. तबल्याला बसलेले काका इतके हसले की तो टेक त्यांच्या हसण्यासाठी अजून ठेवलाय.

तक्रारी दोनच, पण मोठ्या. बावीस मुलांमागे एक चांगला कंडेन्सर माइक आणि एक स्टुडिओ. आठवड्याला माझ्या वाट्याला सरासरी दीड तास आला, त्यातला काही वर सांगितलेल्या एसीने खाल्ला. दुसरी, फेब्रुवारीत लॅबची मशीन न सांगता पुसून टाकली. माझ्या आठ बंदिशी त्यावर होत्या. चूक माझीही, दुसरी प्रत घरी न्यायला हवी होती. एका मित्राने रिकव्हरीने बऱ्याच फाइल परत आणल्या, पण नावं गेली, नुसते आकडे. त्या ओळखता आल्या त्या एका जुन्या सवयीने. टेकच्या सुरुवातीला राग, ताल, टेक क्रमांक तोंडाने बोलायचा. १९०२ मध्ये कलकत्त्यात गायिका गौहर जान तबकडीच्या शेवटी स्वतःचं नाव सांगायच्या, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोवरला छापल्या जात आणि तिथल्या माणसाला लेबल लावायला तेवढाच आधार. माझ्या फाइलींवर माझाच रडवेला आवाज होता: "केदार, तीनताल, टेक चार."

डिसेंबरात तानसेन समारोहाला (इथला संगीत महोत्सव) वर्ग म्हणून नेलं नाही, आम्ही चौघे आपले गेलो. हजिऱ्याला, तानसेनच्या समाधीपाशी, सकाळी ढोलीबुवांची हरिकथा ऐकली, नंतर मिलाद, आणि तीन रात्री मिक्सरच्या टेबलामागे उभे राहिलो. उघड्या मैदानात, डिसेंबरच्या थंडीत, कलाकार मॉनिटरमध्ये तानपुरा वाढवून मागतोय आणि तो माणूस बोटाने केसभर वर नेतोय. वर्षभरात लाइव्ह साउंडचे तास किती होते? सहा. त्या तीन रात्रींत जास्त शिकलो.

फी वसूल झाली का, हे हल्ली सगळे विचारतात. बीट बनवायचे असतील तर नाही, ते घरी बसून येतं. तुमच्याजवळ रेकॉर्ड करायला आधीच काही असेल, घरात कुणी गाणारं-वाजवणारं असेल, आणि स्टुडिओचे तास भांडून घ्यायची तयारी असेल तर जा. प्रवेशाआधी दोन गोष्टी लेखी विचारा: माणशी किती तास, आणि डेटा कुठे राहतो. प्लेसमेंटबद्दल विचारू नका, उत्तर गोड मिळेल.

आत्याच्या एकोणतीस बंदिशी झाल्यात, तीन ठिकाणी प्रती ठेवल्यात. साठेक उरल्यात. सध्या काम बंद आहे, पंख्याशिवाय ती बसू शकत नाही आणि मी बसवणारही नाही. पाऊस सुरू झाला की पुन्हा बसायचं ठरलंय. तेव्हा मागच्या पडवीचा पत्रा वाजेल, त्याचं काय करायचं ते बघतोय.